टार्डिग्रेड सर्वेक्षण

टार्डिग्रेड किंवा जलअस्वल हा आठ पायांचा सूक्ष्म प्राणी. लांबी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आतच. जर्मन निसर्गअभ्यासक गोएत्झे यांनी १७७३ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. एखाद्या प्रदेशात त्याच्या कोणकोणत्या जाती आहेत, याची पद्धतशीर नोंद म्हणजे टार्डिग्रेड सर्वेक्षण.

याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाचे. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्या सीमेवरच्या या डोंगराळ उद्यानातून आधी फक्त ३ जाती माहीत होत्या. पॉल बार्टेल्स आणि डायन नेल्सन यांनी २००० नंतर शेवाळ, दगडफूल, पालापाचोळा, माती, ओढ्यांतला गाळ असे सगळे अधिवास धुंडाळले आणि यादी सत्तरच्या पुढे गेली. त्यांत विज्ञानाला अगदी नव्या जातीही होत्या. एवढे प्राणी तिथे आधीपासूनच होते. कुणी शेवाळ भिजवून पाहिले नव्हते, इतकेच.

नमुना कागदी पाकिटात सुकवून ठेवतात. प्लॅस्टिकमध्ये त्याला बुरशी धरते. सुकताना प्राणी पाय आत ओढून पिंपासारखा आक्रसतो आणि तसाच कित्येक वर्षे तग धरू शकतो. शेवाळ काही तास पाण्यात ठेवून पिळले, की ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पिंप हळूहळू फुगते, एकेक पाय बाहेर येतो आणि प्राणी डुलत चालू लागतो. मग तारेच्या बारीक फासाने उचलून त्याला काचपट्टीवर बसवतात. ओळख पटते ती नख्यांच्या आणि घशातल्या कठीण दाण्यांच्या रचनेवरून.

खरी कसोटी अंड्यांची. मॅक्रोबायोटस प्रजातीतील अनेक जातींचे प्रौढ जवळजवळ सारखेच दिसतात. अंड्याच्या कवचावरची नक्षी पाहिल्याशिवाय जात ठरत नाही. म्हणून अंडी न शोधता केलेली यादी अपुरी मानावी. जुन्या याद्याही जपून वाचाव्या लागतात. ‘मिल्नेसियम टार्डिग्रेडम’ ही जात जगभर आढळते असे दीर्घकाळ समजले जाई. २०१२ मध्ये तिचे नव्याने वर्णन झाल्यावर त्या एका नावाखाली अनेक जाती दडल्याचे स्पष्ट झाले. आता त्यामुळे डीएनएचीही जोड घेतात.

भारतात जेम्स मरे यांनी १९०७ मध्ये सिक्कीम हिमालयातील जातींची नोंद केली. समुद्री जातींत केरळच्या किनाऱ्यावरची ‘स्टायगार्क्टस केरळेन्सिस’ (२०२१) आणि तमिळनाडूतील मंडपमची, डॉ. कलाम यांच्या नावाची ‘बॅटिलिपेस कलामी’ (२०२३) या अलीकडच्या. सह्याद्रीच्या कातळावर पावसाळ्यात हिरवे होणारे आणि उन्हाळ्यात कोळपणारे शेवाळ तर या प्राण्याला मानवणारेच ठिकाण. समुद्री नमुन्यांसाठी रीत वेगळी: वाळू गोड्या पाण्याने धुतात, त्या धक्क्याने प्राण्यांची कणांवरची पकड सुटते आणि ते बारीक चाळणीत उतरतात.