व्वा व्हेर्त आणि व्हेलोरूत: दोन्हींना ‘सायकल ट्रॅक’ म्हणणं आता पुरे

फ्रान्समध्ये शातो, म्हणजे तिथले जुने महाल-किल्ले, बघत सायकलने फिरायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘ल्वार नदीच्या काठाने नऊशे किलोमीटरचा सायकल ट्रॅक आहे, सपाट, एकही गाडी नाही, पोरांना खुशाल घेऊन जा.’ यातले नऊशे किलोमीटर तेवढे खरे. ‘ल्वार आ व्हेलो’ हा मार्ग नेव्हेरजवळच्या क्युफीपासून अटलांटिकच्या काठावरच्या सें-ब्रेव्हें-ले-पेंपर्यंत साधारण तेवढाच भरतो. पण तो ट्रॅक नाही, पूर्ण सपाट नाही आणि त्यावर गाड्या असतात. घोळ होतो तो ‘व्वा व्हेर्त’ आणि ‘व्हेलोरूत’ या दोन शब्दांचं मराठीत एकच भाषांतर केल्यामुळे.

व्वा व्हेर्त म्हणजे शब्दशः हिरवी वाट. ही कल्पना कुणालाही लगेच कळते, त्यामुळे तिच्यावर फार वेळ घालवत नाही. मोटारींना बंदी असलेली वाट; सायकलवाले, चालणारे, स्केटवाले आणि बऱ्याच ठिकाणी घोडेस्वार यांच्यासाठी. २००४ पासून फ्रान्सच्या वाहतूक नियमांत तिची व्याख्या आहे. सुरुवातीला निळी चौकोनी पाटी, संपते तिथे तीच पाटी लाल तिरक्या पट्टीने खोडलेली. बऱ्याचशा वाटा जुन्या रेल्वेमार्गावर किंवा कालव्याच्या काठाने जातात. आगगाडीला चढ सोसत नसे, म्हणून रेल्वेच्या वाटेवर चढ सहसा तीन टक्क्यांच्या आतच असतो. देशातली पहिली व्वा व्हेर्त बुर्गोन्यमध्ये जिव्री ते क्लुनी, ४४ किलोमीटर, १९९७ मध्ये सुरू झाली. ल्वारच्या शातोंच्या मुलखात शिनों ते रिशल्यू ही सुमारे २० किलोमीटरची वाटही अशीच रेल्वेची. पंचवीस किलोमीटर वेगमर्यादेची ई-सायकल इथे चालते. पंचेचाळीसच्या वेगाची नाही. एवढं पुरे.

आता व्हेलोरूत. इथेच लोक अडकतात.

व्हेलोरूत हा रस्त्याचा प्रकारच नाही. ते एका आखलेल्या मार्गाचं नाव आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणारी पालखी शहरातल्या रस्त्यावरून जाते, दिवे घाट चढते, मोठ्या मार्गावरून जाते, गावात शिरते. ‘पालखी मार्ग’ म्हटल्याने त्यातला प्रत्येक रस्ता वेगळा बांधलेला ठरत नाही. व्हेलोरूतचं तसंच आहे. कुणीतरी विचारपूर्वक मार्ग जोडला, पाट्या लावल्या, नकाशा छापला. त्या मार्गात व्वा व्हेर्तचा तुकडा येईल, नदीचा पूर अडवायला बांधलेल्या जुन्या बांधावरचा रस्ता येईल, द्राक्षमळ्यातली ट्रॅक्टरची वाट येईल, आणि गाड्या धावणारा जिल्हा रस्ताही येईल. हे जिल्हा रस्ते नकाशावर ‘डी’ अक्षर आणि क्रमांकाने दाखवतात. गावाबाहेर त्यांच्यावर ताशी ऐंशी, काही जिल्ह्यांत नव्वद, एवढी वेगमर्यादा असते.

म्हणजे व्वा व्हेर्त तुम्हाला सांगते की चाकाखाली काय आहे. व्हेलोरूत फक्त एवढंच सांगते की पुढे कुठे वळायचं. पहिली दुसरीचा भाग असू शकते, दुसरी पहिलीचा पर्याय नव्हे. ‘ल्वार आ व्हेलो’ ही व्हेलोरूत. ती पुन्हा अटलांटिक ते काळा समुद्र जोडणाऱ्या ‘युरोव्हेलो ६’ या आणखी मोठ्या मार्गाचा हिस्सा. नाव जितकं मोठं, तितकं ते चाकाखालच्या जमिनीबद्दल कमी सांगतं.

पाट्या बघायची सवय लावली तर हा फरक रस्त्यावरही दिसतो. पांढऱ्या पाटीवर हिरवी किनार आणि हिरवी सायकल म्हणजे दिशादर्शक: इकडे वळा. तिच्यात गाड्यांबद्दल अवाक्षर नसतं. निळी चौकोनी पाटी म्हणजे वाटेचा दर्जा. हिरवी सायकल दिसली म्हणून निर्धास्त होऊन दोघं-दोघं शेजारी गप्पा मारत निघणारे लोक हमखास पुढच्या वळणावर दुधाच्या टँकरसमोर येतात. (निळी पाटी गोल असेल तर त्या सायकलपट्ट्यावरूनच जाणं सक्तीचं, चौकोनी असेल तर ऐच्छिक.)

हा फरक शब्दांचा कीस काढणं नाही, कारण त्यावर तीन हिशेब अवलंबून आहेत.

पहिला, चढ. नदीकाठाने जाणारा मार्ग सपाटच असणार, हे गृहीतक ल्वारवर मधूनमधून साफ कोसळतं. आंब्वाजहून तूरकडे जाताना मार्ग मोंलुईच्या द्राक्षमळ्यांत शिरतो आणि वर-खाली होत राहतो. उस्सेहून शिनोंला जाताना नदी सोडून टेकाड ओलांडावं लागतं. मोंसोरो ते सोम्यूरच्या दरम्यान तर त्यूर्कांच्या मळ्यांमधून चढून पुढे सूझेच्या खडकात कोरलेल्या गल्लीतून जावं लागतं. चढ लांब नाहीत, पण छोटे चढ खडे असतात, आणि मागे पंधरा किलो सामान असलं की सहा-सात टक्केही पुष्कळ वाटतात. मागचं सगळ्यात मोठं दातेरी चक्र निदान ३४ दात्यांचं हवं, आणि पुढे पेडलपाशी दोन किंवा तीन दातेरी चक्रांचा सेट हवा. भाड्याने घेतलेल्या सिटी सायकलला सात गिअर असतील तर व्वा व्हेर्तवर ते भरपूर आहेत, शिनोंच्या टेकाडावर नाहीत.

दुसरा, जमीन. व्वा व्हेर्त डांबरी असते किंवा ‘स्ताबिलिझे’ची, म्हणजे दाबून बसवलेल्या बारीक खडी-मातीची. कोरडी असताना ती छान चालते. पाऊस झाला की तिचा राडा चेनवर, ब्रेकवर, पॅनिअरवर (कॅरिअरला अडकवलेल्या पिशव्यांवर) बसतो. संध्याकाळी चेन पुसून पुन्हा तेल नाही दिलं तर तिसऱ्या दिवशी गिअर कुरकुरायला लागतात. टायर ३५ ते ४० मिलिमीटरचा घ्यावा, आणि सामानासह वजन शंभर किलोच्या आसपास असेल तर मागे साडेतीन ते चार बार हवा. २५ मिमीचे रेसिंग टायर आणून ‘रस्ता वाईट होता’ म्हणणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही.

तिसरा, आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा: बाजू. फ्रान्समध्ये वाहतूक उजवीकडून. जिल्हा रस्त्यावर समोरून येणारी गाडी तुम्हाला हे सतत आठवण करून देते, त्यामुळे तिथे चूक कमी होते. व्वा व्हेर्तवर आठवण करून द्यायला कुणी नसतं. दहा किलोमीटर शांत, एकटी वाट कापली की सायकल आपोआप सवयीच्या डाव्या बाजूला सरकते. मग वाट संपते, आडवा रस्ता येतो, आपण सवयीने आधी उजवीकडे बघतो, आणि सर्वांत जवळची गाडी येत असते डावीकडून. म्हणजे गाडीविरहित वाटेची सर्वांत धोक्याची जागा ती जिथे संपते किंवा रस्ता छेदते तिथे असते. छेदनावर बहुतेक वेळा सायकललाच थांबायचं असतं. तिथे पाय टेकायचा, आधी डावीकडे बघायचं, मग उजवीकडे, आणि रस्त्यावर वळायचं असेल तर उजव्या कडेला लागल्याची खात्री करूनच पेडल मारायचं. गावात शिरल्यावर आणखी एक: चौकात पाटी किंवा सिग्नल नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क आधी. ती गल्ली कितीही क्षुल्लक दिसो.

मग काय चांगलं? मुलं बारा वर्षांच्या आतली असतील तर सरळ व्वा व्हेर्त घ्या आणि ल्वारचा हट्ट सोडा. (बाराखालच्यांना हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे.) मोठ्यांनी मात्र माझ्या मते व्हेलोरूतच धरावी. रविवारी दुपारी गावाजवळच्या व्वा व्हेर्तवर बाबागाड्या, दोरीवरचे कुत्रे आणि तीन-तीनच्या रांगेत चालणारी कुटुंबं यांच्यातून ताशी बारानेसुद्धा जाता येत नाही. शांत डी-रस्त्यावर पंधरा-सोळा आरामात पडतात. गावाबाहेर ओव्हरटेक करताना फ्रेंच चालकाने दीड मीटर अंतर सोडायचं असा नियम आहे. शिवाय शातो काही रेल्वे स्टेशन बघून बांधले नव्हते. शांबोर ब्ल्वापासून सोळा-अठरा किलोमीटर आत जंगलात आहे, शनोन्सो ल्वारवर नसून शेर नदीवर आहे, आझे-ल-रिदो आंद्र नदीवर. आंब्वाजहून शनोन्सोला जायचं तर जंगलातला चढ आलाच. बुर्गोन्यमधलं कोर्मातें हे वाटेला लागून असलेलं शातो, पण तो अपवाद.

आणि व्वा व्हेर्तवरही सगळं आयतं मिळत नाही. सायकलमागे ट्रेलर लावला असेल तर वाटेच्या तोंडाशी असलेले वाकडे लोखंडी अडसर बघून ठेवा. मोटरसायकली अडवायला लावलेले हे दांडे ऐंशी सेंटिमीटर रुंद ट्रेलरलाही अडवतात. क्लुनीच्या दक्षिणेला माकोंकडे जाणाऱ्या वाटेवर ब्वा क्लेरचा १६०० मीटरचा जुना रेल्वे बोगदा आहे. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात. तेव्हा त्याच नावाच्या खिंडीवरून चढून जावं लागतं, आणि तीन टक्क्यांचा सगळा हिशेब तिथेच संपतो.

म्हणून नियोजन नावावरून करू नका, तुकड्यांवरून करा. अधिकृत नकाशात दोन रंग असतात: ‘सीत प्रोप्र’ म्हणजे वेगळी वाट, ‘व्वा पार्ताजे’ म्हणजे गाड्यांबरोबरचा रस्ता. ‘प्रोव्हिज्वार’ लिहिलेला तुकडा तात्पुरता. तिथे पाट्या आणि फोनमध्ये उतरवलेली मार्गाची जुनी जीपीएक्स फाइल यांचं पटेलच असं नाही, पटलं नाही तर पाटीचं ऐका. नदीला पाणी चढलं की काठाची खालची वाट बुडते, तेव्हा वरच्या रस्त्याचा पर्याय आदल्या रात्रीच बघून ठेवा. दिवसाला ४० ते ५० किलोमीटर आणि एकच शातो. शांबोरसारख्या ठिकाणी तीन तास सहज जातात. मुक्कामासाठी ‘आकेय व्हेलो’चं चिन्ह बघा: मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत, सायकल कुलपात ठेवायची सोय आणि दुरुस्तीची हत्यारं. संध्याकाळ उलटून गावाबाहेर असाल तर चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे, आणि कानात इअरफोन घालून चालवणं दंडाला पात्र.

किरकोळ घोळही दोन आहेत. शातोला सरसकट ‘किल्ला’ म्हणतात. शिनों आणि आंजे हे खरोखर किल्ले. शांबोर, शनोन्सो हे राजेरजवाड्यांचे महाल. तटावर चढायच्या तयारीने गेलात तर हाती गालिचे आणि शेकोट्या लागतील.

दुसरा घोळ देवनागरीनेच घातलेला. ‘ला ल्वार’ ही मोठी नदी स्त्रीलिंगी, ‘ल ल्वार’ ही तिच्या उत्तरेची वेगळी, छोटी नदी पुल्लिंगी. फ्रेंच लिहिताना शेवटच्या एका मुक्या अक्षराचा फरक, मराठीत तोही नाही. छोटीच्या काठी व्हांदोम आणि शातोदें आहे, शांबोर किंवा आंब्वाज नाही. तूरहून उत्तरेला ल मांकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ‘शातो-द्यू-ल्वार’ नावाचं स्टेशनही आहे. नाव ऐकून तिकीट काढू नका.