एनटीपी पूल

एनटीपी पूल : संगणकांना व इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांना विनामूल्य अचूक वेळ सांगणाऱ्या हजारो सर्व्हरांचा जगभर पसरलेला संच. यांतले बहुतेक सर्व्हर स्वयंसेवकांनी स्वतःच्या खर्चाने चालवलेले असतात. आड्रियान फॉन बिडर यांनी जानेवारी २००३ मध्ये त्याची सुरुवात केली. २००५ पासून आस्क ब्यर्न हान्सेन तो सांभाळतात.

संगणकातले क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला एखादा सेकंद सहज पुढे-मागे होते. ते जुळवण्यासाठी डेव्हिड मिल्स यांनी १९८०च्या दशकात नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजेच एनटीपी, तयार केला. अणुघड्याळाला किंवा जीपीएसला थेट जोडलेले सर्व्हर पहिल्या स्तरावर मानतात, त्यांच्याकडून वेळ घेणारे दुसऱ्या. एका विचारणेचा भार नगण्य असतो. प्रश्न येतो तो लाखो उपकरणे एकाच दाराशी येतात तेव्हा.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मे २००३ मधले आहे. नेटगिअर या कंपनीच्या काही राउटरांमध्ये (घराला इंटरनेटशी जोडणाऱ्या यंत्रांमध्ये) अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या वेळ-सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, कायमचा लिहून ठेवला होता आणि उत्तर न मिळाल्यास दर सेकंदाला पुन्हा विचारायचे, असा त्यांचा प्रोग्रॅम होता. त्यामुळे विद्यापीठाने ही विचारणा अडवली की ती घटण्याऐवजी वाढायची! जूनमध्ये हा लोंढा सेकंदाला सुमारे अडीच लाख पॅकेटांवर, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांवर, गेला. विकले गेलेले राउटर घरोघरी पोचलेले होते. ते परत बोलावून दुरुस्त करणे शक्य नव्हते. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, प्रोग्रॅममधल्या थोड्याशा ओळींनी एवढा भार टाकला.

पूलमध्ये हा भार वाटला जातो. ‘पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग’ हे नाव विचारले की डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी इंटरनेटची व्यवस्था, शक्यतो जवळच्या काही सर्व्हरांचे पत्ते देते, आणि ते सतत बदलत राहतात. म्हणून प्रोग्रॅममध्ये आयपी पत्ता न लिहिता नाव लिहावे. विचारण्यातले अंतर सहसा ६४ ते १०२४ सेकंदांचे असते. उत्तर आले नाही तर ते वाढवत न्यावे. सर्व्हरने ‘रेट’ असा संकेत पाठवला तर वेग कमी करणे बंधनकारक समजावे. सगळ्या उपकरणांनी ठीक बाराच्या ठोक्याला विचारू नये, यासाठी वेळ यादृच्छिक ठेवतात. कार्यालयात एकाच यंत्राने बाहेर विचारावे आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून वेळ घ्यावी. उपकरणे किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांनी मात्र पूलकडून स्वतःसाठी वेगळे उपनाव (पूलच्या नावाआधी कंपनीचा शब्द जोडलेले नाव) मागून घेणे अपेक्षित असते, म्हणजे काही बिघडल्यास गोंधळ नेमका कुठून येतो ते कळते.

भारतात अधिकृत प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. तिच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सर्व्हरांशी घड्याळे जुळवण्याचा निर्देश सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये संस्थांना दिला.

स्वयंसेवक आपला सर्व्हर पूलमधून कधीही काढून घेऊ शकतो. पण जुना पत्ता धरून बसलेली उपकरणे त्यानंतरही महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, त्याच पत्त्यावर वेळ विचारत राहतात.