डोक्याला मार लागल्यानंतर: समुपदेशन वेगळं, सीबीटी वेगळी

दुचाकीवरून पडून डोक्याला मार बसला, सीटी स्कॅन साफ आला, पण तीन महिने उलटले तरी डोकं दुखतंय, गरगरतंय, वाचलेलं लक्षात राहत नाही. न्यूरॉलॉजिस्ट सांगतात, 'सायकॉलॉजिस्टला दाखवा.' घोळ इथून सुरू होतो. घरचे समजतात, दुखणं खोटं ठरवलं. पेशंट एखाद्या समुपदेशकाकडे तीन-चार वेळा जातो आणि 'सीबीटी करून पाहिली, उपयोग नाही' असं सांगत फिरतो. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी), म्हणजे विचार आणि सवयी पायरीपायरीने बदलण्याचा मानसोपचार, त्याला मिळालेलीच नसते.

समुपदेशन सगळ्यांना माहीत आहे. कुणीतरी नीट ऐकून घेतं, धीर देतं. अपघातानंतर त्याचीही गरज असते. सीबीटी म्हणजे साधारण ८ ते १२ बैठका, वही आणि रोजचा गृहपाठ. बाकी खोली, फी, बोलण्याची पद्धत यांतले फरक किरकोळ आहेत.

खरा फरक एकच: काम थांबवायचं कधी?

'त्रास झाला की थांब,' असं प्रत्येक जण काळजीपोटी सांगतो. पहिल्या २४ ते ४८ तासांत ते बरोबरच आहे. तीन महिन्यांनी मात्र हाच सल्ला दुखणं लांबवतो. बऱ्या दिवशी माणूस तुंबलेलं सगळं काम उरकायला बसतो आणि पुढचे दोन दिवस आडवा होतो. असं वारंवार झालं की कामाचीच धास्ती बसते, मग थोड्याशा कामानेही डोकं ठणकतं. घरात गॉगल, कानात सतत बोळे, दिवसभर पडदे ओढलेले, यानेही उजेड आणि आवाज आणखीच बोचू लागतात. 'महिनाभर अंधारात पडून राहा' हा सल्ला आता तरी बंद व्हायला हवा.

सीबीटीत थांबायचं ते घड्याळ बघून. आधी आठवडाभर नोंद ठेवायची: कोणतं काम, किती मिनिटांनी त्रास वाढला, ० ते १० मध्ये किती. समजा स्क्रीनपुढे कधी २०, कधी २५, कधी ३० मिनिटं जमली. सरासरी २५, सुरुवात २० पासून करायची. गजर लावायचा आणि २० मिनिटांनी उठायचंच, बरं वाटत असलं तरी. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, कारण बरं वाटताना थांबणं फार जड जातं. आठवडा नीट गेला की दोन-तीन मिनिटं वाढवायची. त्रास आधीच्यापेक्षा जास्तीत जास्त दोन अंकांनी (३ वरून ५) वाढून तासाभरात उतरला तर चालतं. मेंदूला नव्याने इजा झालेली नसते. त्याहून जास्त झाला तर एक पायरी खाली यायचं, शून्यावर नाही.

लोकलचंही तसंच. दुपारी स्लो गाडीने ठाणे ते मुलुंड, मग भांडुप, मग घाटकोपर. गर्दीची वेळ सगळ्यात शेवटी. निघण्यापूर्वी 'चक्कर येऊन पडेन' ही भीती वहीत लिहायची, परतल्यावर प्रत्यक्ष काय झालं ते शेजारी लिहायचं. भीती 'काही होत नाही रे' ऐकून जात नाही, अशा नोंदी साठत गेल्या की ओसरते.

सुरू करण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. कुशीवर वळताना काही सेकंद खोली फिरत असेल तर दोष कानाच्या आतल्या भागात असू शकतो. त्यावर डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याचा उपचार आहे, सीबीटी नव्हे. महिन्यात १५ किंवा अधिक दिवस पॅरासिटामॉल घेतली जात असेल तर डोकेदुखी गोळ्यांमुळेच टिकून असू शकते. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, झटका (फिट), एका बाजूची कमजोरी किंवा वाढती गुंगी असेल तर थेट कॅज्युअल्टी गाठावी.

मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. खाजगीत जायचं असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी बघा आणि पहिल्याच दिवशी विचारा: 'या आठवड्यात घरी काय करायचं, किती मिनिटं?' नेमकं उत्तर आलं नाही तर दुसरीकडे चौकशी करा.