मुलांसोबत मोठ्यांनाही ऐकवतील अशी गाणी

मुलांसाठी लावलेलं, पण आईबाबांनाही उठून बंद करावंसं वाटत नाही असं गाणं, एवढी साधी व्याख्या या प्रकाराची करता येते. मराठीत त्याला वेगळं नाव नाही. ॲपवर शोधायला गेलं की सगळं ‘बालगीते’ या एकाच गठ्ठ्यात मिळतं, आणि त्या गठ्ठ्यात एक गाणं जन्मभर पुरणारं असतं तर शेजारचं तिसऱ्यांदा ऐकल्यावर डोकं उठवणारं. अमेरिकेत असल्या संगीताला गमतीने ‘किंडी’ म्हणतात, तिकडे रॉक बँडमधले लोक आईबाप झाले की मुलांसाठी अल्बम काढायला लागतात. आपल्याकडे मोठ्यांसाठी लिहिणारे-गाणारे आधीपासूनच जाताजाता मुलांसाठीही करत होते, त्यामुळे वेगळं लेबल लावायची वेळच आली नाही. पुण्यात तर हे फारच झालं, कारण लिहिणारे, चाली लावणारे, रेडिओ आणि नाट्यगृहं सगळं एकमेकांपासून दोन-चार किलोमीटरवर.

मूळ अडचण : ‘परत’

मोठा माणूस गाणं ऐकतो, मूल गाणं वापरतं. म्हणजे एकदा आवडलं की तेच पुन्हा, आणि पुन्हा म्हणजे दोनदा नाही, सिंहगड रोडला संध्याकाळी साडेसहाला गाडी अडकली असेल तर राजाराम पुलापासून वडगावपर्यंत अकरा वेळा. मागच्या सीटवरून फक्त एक शब्द येतो, ‘परत’. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 साली मांडलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडायला लागते, आणि मुलांच्या बाबतीत हे पालकांना वेगळं सांगावं लागत नाही. पण मोठ्यांचं तसं होत नाही ना, फार सोपी चाल असेल तर आपलं कौतुक लवकर संपतं आणि मग चीड यायला लागते. ‘बेबी शार्क’चा व्हिडिओ जानेवारी 2022 मध्ये यूट्यूबवर एक हजार कोटी व्ह्यूज ओलांडणारा पहिला व्हिडिओ ठरला, आणि त्यातल्या कितीतरी व्ह्यूजच्या वेळी आई किंवा बाबा दुसऱ्या खोलीत पळालेले असणार असा माझा अंदाज आहे.

म्हणून कस ‘ऐकायला छान’ हा नाहीच, कस आहे अकराव्या वेळेचा. त्यात टिकणाऱ्या गाण्यांचं एक लक्षण दिसतं ते म्हणजे ती दुपदरी असतात. मुलाला एक ऐकू येतं, मोठ्याला त्याच शब्दांत दुसरं.

भोंडला

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कुठल्याच अल्बमात नाही, ते आश्विनात पार्किंगमध्ये सापडतं. नवरात्राच्या दिवसात पाटावर हत्ती काढून मधे ठेवायचा, भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. फेरात चार वर्षांची पोरगी असते आणि सत्तरीच्या आजी असतात, दोघींच्या तोंडी एकच गाणं. ‘श्रीकांता कमलकांता’ घ्या. वेड्याच्या बायकोने लाडू केले, वेडा आला, वाकून बघितलं, चेंडू चेंडू म्हणून खेळायला घेतले. करंज्या केल्या तर होडी होडी म्हणून पाण्यात सोडल्या. मुलं इथे लोळतात हसून, कारण एवढा मोठा माणूस आणि त्याला लाडू कळत नाही. बायका पण हसतात पण त्यांचं हसू ‘अस्सं कसं वेडं माझ्या नशिबी आलं’ या ओळीवर असतं, आणि ते जरा जोरात असतं, विशेषतः नवरे खुर्च्या लावत बाजूला उभे असतील तेव्हा. या गाण्याचा शेवट मात्र काळा आहे, बायको झोपलेली असते आणि वेडा मेली मेली म्हणून तिला जाळूनच टाकतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी ते कडवं गाळतात. आमच्या इथे एका वर्षी कुणीतरी गाळलं तर पाच वर्षांच्या एकाने ओरडून आठवण करून दिली, आणि सगळ्या आया एकमेकींकडे बघत बसल्या.

‘कारल्याचा वेल’ तर त्याहून बेरकी. सून माहेरी जायला परवानगी मागते, सासू म्हणते कारल्याचं बी पेर मग जा. पेरलं. कोंब येऊ दे मग जा. वेल येऊ दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर, उष्टी काढ. मुलाला हे एक छान वाढत जाणारं गाणं वाटतं, पुढची पायरी कोण आधी ओळखतं त्याचा खेळ, आणि जाताजाता झाड कसं वाढतं तेही कळतं. ज्या बाईने स्वतः सुट्टीसाठी असं कुणाचं तरी तोंड बघितलंय तिला ते वेगळंच लागतं. चाल दोन-तीन सुरांचीच आहे खरं तर, तरी कंटाळा येत नाही, कारण कडव्याला कडवं लागत जातं आणि मधेच कुणाला तरी पुढचं आठवत नाही.

बांधलेली बालगीतं

‘नाच रे मोरा’ 1953 च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची, आवाज आशा भोसल्यांचा. यातल्या कुणीही ‘लहान मुलांचंच आहे, चालेल’ म्हणून हात राखून काम केलेलं नाही, हे ऐकताना कळतं. माडगूळकर पुण्यात वाकडेवाडीच्या ‘पंचवटी’ बंगल्यात राहायचे, आणि ज्या हाताने ‘गीतरामायण’ लिहिलं त्याच हाताने अगीनगाडी, बदकाचं कुरूप पिल्लू आणि गोरी गोरी पान वहिनी मागणारं मूल लिहिलं. त्यातल्या ‘गोरी गोरी पान’ आणि ‘एका तळ्यात होती’ची चाल श्रीनिवास खळ्यांची. बदकाचं गाणं तर दोन्ही पदरांचं: मुलाला गोष्ट, आणि शाळेच्या वार्षिक समारंभात मागच्या रांगेत उभ्या केलेल्या मुलाच्या आईला घशात आवंढा.

मंगेश पाडगावकरांचं ‘सांग सांग भोलानाथ’ पाऊस पडून शाळेला सुट्टी मिळेल का ते भोलानाथाला विचारतं, हा प्रश्न ऑफिसला जाणाऱ्याला परका वाटायचं कारणच नाही, तीही सोमवारी पाऊस असेल तेव्हा. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ किंवा ‘एटू लोकांचा देश’मधल्या कविता मुळात गाणी नाहीत, पण नुसत्या तालात म्हणता येतात आणि त्यांचा विक्षिप्तपणा मोठ्यांनाच जास्त भावतो असं दिसतं.

अलीकडचं म्हणाल तर पुण्याचेच संदीप खरे आणि सलील कुलकर्णी. ‘अग्गोबाई ढग्गोबाई’ हे मुलांचं गाणं, शब्दांतच ताल आहे, म्हणायला मजा. ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ मात्र मुलांच्या प्लेलिस्टमध्ये टाकतात ते मला चुकीचं वाटतं. ते मुलाबद्दलचं गाणं आहे, मुलासाठीचं नाही. मुलाला त्यात करायला काही नसतं, ते फक्त बघतं की बाबा गाडी चालवताना नाक का पुसतोय.

हिंदीत 1983 च्या ‘मासूम’मधलं ‘लकडी की काठी’ हे बहुतेक घरांत चालतं, गुलजार आणि आर. डी. बर्मन, अजून काय पाहिजे.

चालीचं थोडं

बहुतेक बालगीतं आठ मात्रांच्या केहरव्यात नाहीतर सहा मात्रांच्या दादऱ्यात बसतात, कारण टाळी, पाऊल आणि पाळणा यांना तेवढंच लागतं. तिथवर चांगलं आणि वाईट गाणं सारखंच. फरक पडतो अंतऱ्यात. चांगल्या चालीत अंतरा जरा लांब फिरून येतो आणि ध्रुवपदावर उतरताना सुटका झाल्यासारखं वाटतं, वाईट चालीत ध्रुवपदच परत परत, खाली कीबोर्डचा एकच ठेका आणि वर बाळबोध केलेला चिरका आवाज. मुलांना चिरका आवाज आवडतो हा मोठ्यांचा समज आहे, मुलं भीमसेन जोशींच्या अभंगावरही तितकीच डोलतात. आणि सोबत गायचं असेल तर पट्टी बघावी लागते, बाबा आपल्या पट्टीत सुरू करतात, मुलाला ती खाली पडते आणि मग ते नुसतं पुटपुटतं, लोकांना वाटतं याला सूर नाही.

पुण्यात कुठे मिळतं

आकाशवाणी पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झालं आणि त्यावरचा मुलांचा कार्यक्रम ‘बालोद्यान’ ऐकत मोठी झालेली पिढी आता आजीआजोबा आहे, त्यामुळे पहिला शोध घरातच घ्यावा, फोनवर नंतर. दुसरी जागा नाट्यगृह. 1986 साली मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीचा प्रकार पुण्यात आणला, ‘छान छोटे वाईट मोठे’ हे पहिलं नाटक. यात मुलांच्या भूमिका मोठेच करतात, परी-राक्षस नसतात, घरातली भांडणं आणि शेजारपाजार असतो, आणि गाणी अशी की मुलांच्या बाजूने मोठ्यांना टोमणे. प्रयोगाहून परत येताना रिक्षात मूल तेच गाणं आपल्याला उद्देशून म्हणतं, ते सहन करायची तयारी ठेवून जावं. बाकी बालनाट्यांचे प्रयोग उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत भरत नाट्य मंदिरात आणि कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात लागतात, त्यातली काही भयंकर कर्कश असतात, दारातच स्पीकर ऐकून ठरवता येतं.

शोधायची एक साधी पद्धत बऱ्याच घरांत रुळलीय: नवीन गाणं रात्री मूल झोपल्यावर आधी आपण एकट्याने ऐकायचं, आणि तेही स्क्रीन उलटी ठेवून. चित्र काढून घेतल्यावर जे उरतं तेच गाणं. रंगीत अस्वल नाचत नसताना दोन मिनिटंही निभत नसेल तर सकाळी ते घरात आणू नये, कारण एकदा आणलं की बाहेर काढणं अवघड. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर स्क्रीन नको म्हटलंय, तर निदान गाण्याने तरी तो तास खाऊ नये.

उलटा रस्ता

मुलांना आपल्याकडे ओढण्याचाही मार्ग आहे आणि पुण्यात तो गणपतीत आपोआप होतो. आरती कुणी बालगीत म्हणून लिहिलेली नाही, शब्द अवघड, संस्कृत वळणाचे, तरी तीन वर्षांचं पोर ती टाळ्यांसकट पाठ म्हणतं कारण सगळे मोठे मनापासून ओरडत असतात. अर्थ लागत नाही तिथे मूल स्वतःचा अर्थ बसवतं. ‘लंबोदर पीतांबर फणिवरबंधना’ची घरोघरी ‘फळीवर वंदना’ होते, आणि का नाही होणार, गणपती फळीवरच तर बसवलेला असतो. आमच्याकडे आजोबा दरवर्षी पहिल्या दिवशी आरती थांबवून फणिवर म्हणजे नाग हे समजावून सांगतात, पोरगं मान डोलावतं, बाबाही डोलावतात, आणि संध्याकाळच्या आरतीला दोघंही फळीवर.