केअर वर्कर व्हिसा (ब्रिटन)

वृद्ध, अपंग आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या शुश्रूषेसाठी परदेशातून कामगार आणण्याची ब्रिटनमधील व्यवस्था. ती १५ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाली. ब्रेक्झिटमुळे युरोपीय नागरिकांचा मुक्त प्रवेश थांबला होता (पोर्तुगीज पासपोर्टवर जाऊन थेट कामाला लागणाऱ्या गोवेकरांची वाटही तेव्हाच अडली) आणि २०२१–२२ मध्ये एकट्या इंग्लंडमध्ये या क्षेत्रातल्या सुमारे १ लाख ६५ हजार जागा रिकाम्या होत्या. भारत, नायजेरिया आणि झिम्बाब्वेमधून माणसे मोठ्या संख्येने गेली. २०२३ मध्ये या कामासाठी सुमारे ८९ हजार व्हिसा दिले गेले.

घरी जाऊन करायच्या शुश्रूषेत ही व्यवस्था मुळातच बसत नव्हती. आपल्याकडे ब्युरोतून आलेल्या मावशी दिवसभर किंवा रात्रभर एकाच घरी असतात. तिथला केअरर सकाळी सातला एका आजोबांचा पॅड बदलतो, त्यांना पुसून घेतो, गोळ्या देऊन तक्त्यावर सही करतो, टोस्ट-चहा पुढे ठेवतो आणि अर्ध्या तासात पुढच्या घराकडे निघतो. एका घरून दुसऱ्या घरी जायच्या वेळेचे पैसे अनेक ठिकाणी मिळत नाहीत. पेशंट रुग्णालयात गेला की ते कामही गेले. व्हिसासाठी मात्र कागदावर पूर्णवेळ नोकरी आणि सुरुवातीला वर्षाला किमान २०,४८० पौंड पगार दाखवावा लागे.

व्हिसा मालकाच्या स्पॉन्सरशिपला, म्हणजे नोकरी देण्याच्या त्याच्या हमीला, बांधलेला असल्याने कमी तासांबद्दल तक्रार करायची हिंमत होत नसे. परदेशी कामगार ठेवण्याचा मालकाचा परवाना रद्द झाला, की नवा मालक शोधायला साधारण ६० दिवस. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात असे ४७० हून अधिक परवाने रद्द झाले. भरतीसाठी उमेदवाराकडून पैसे घेऊ नयेत, असे ब्रिटिश सरकारची आचारसंहिता सांगते; तरी एजंटांनी लाखो रुपये उकळले. घरदार गहाण टाकून गेलेल्या माणसाला परत फिरणे शक्यच नव्हते, आणि अन्याय होत होता तो याच माणसावर.

११ मार्च २०२४ पासून नव्याने अर्ज करणाऱ्यांना जोडीदार आणि मुले सोबत नेण्याची बंदी आली. २२ जुलै २०२५ रोजी परदेशातून नवी भरती बंद झाली. आधीच ब्रिटनमध्ये असलेल्यांना या कामाच्या व्हिसावर येण्याची सवलत जुलै २०२८ पर्यंत आहे. इंग्लंडमधल्या मालकांनी स्पॉन्सर गमावलेल्या कामगारांना आधी विचारावे, असा नियम एप्रिल २०२५ मध्येच आला होता.