पार्श्वभूमी : राज्य बदललं, शिक्का जुनाच

गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी १९ डिसेंबर १९६१ रोजी शरणागती पत्करली. तिथल्या टपाल कचेऱ्यांत भारतीय तिकिटं आली २९ डिसेंबरला. जुनी पोर्तुगीज तिकिटं ५ जानेवारी १९६२ पर्यंत चालली आणि पोर्तुगीज तारीख-शिक्के तर मे महिन्यापर्यंत पाकिटांवर पडत होते. साडेचारशे वर्षांचं राज्य दोन दिवसांत संपलं, पण टपाल कचेरीतून ते जायला पाच महिने लागले. युद्धामुळे अडलेल्या किंवा सरहद्द हलल्यामुळे विस्कटलेल्या टपालाची पाकिटं जमवणाऱ्यांचा सगळा जीव या मधल्या दिवसांत अडकलेला असतो.

तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचं आणि वहीत चिकटवायचं, हा आपल्याकडचा शाळकरी छंद. इथे तसं केलंत तर पुरावाच गेला. पत्ता, तारीख, सेन्सॉरची चिकटपट्टी, मागच्या बाजूचे वाटेतले शिक्के, ‘सेवा बंद’ म्हणून मारलेला परतीचा शेरा, हे सगळं एकत्र असेल तरच ते पाकीट काही सांगतं. सुटं तिकीट निव्वळ कोणतं राज्य होतं एवढं दाखवतं.

गोव्याचं टपाल पहिल्यापासूनच मुंबईशी बांधलेलं होतं. पोर्तुगीज हिंदुस्थानची पहिली तिकिटं १ ऑक्टोबर १८७१ ला निघाली, पण ती वसाहतीच्या आतल्या पत्रांपुरती. बाहेर पत्र धाडायचं तर ब्रिटिश हिंदुस्थानचं तिकीट लागे. पुढे हे बदललं, तरी गोव्याची कमाई मुंबईतून येणार आणि पत्रंही त्याच वाटेने जाणार, हे काही बदललं नाही. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात गोळीबार झाला, माणसं मेली, आणि त्यानंतर भारताने नाकेबंदी आवळली. कॅसलरॉकवरून मुरगावला जाणारी रेल्वे थांबली. पोर्तुगिजांनी त्याच सुमारास स्वतःची विमानसेवा काढली आणि दाबोळीहून विमानं कराचीला जाऊ लागली. शेजारच्या कारवारशी व्यवहार तुटलेला आणि कराची मात्र जवळची, असा तो उफराटा काळ होता.

१९५९ मध्ये गोव्याचं चलनही बदललं. रुपिया जाऊन एस्कुदो आला, एका रुपियाला सहा या दराने. जुन्या तिकिटांवर नव्या किमती छापल्या गेल्या, आणि वर्षअखेरीस जुनी नाणी दाखवणारी नवी मालिका निघाली. म्हणून १९६१ च्या डिसेंबरअखेर आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातलं मिश्र तिकिटांचं पाकीट बघताना मजा येते. एका कोपऱ्यात सेंताव्होंत, म्हणजे एस्कुदोच्या शंभराव्या भागात, किंमत लिहिलेलं, जुन्या नाण्याचं पोर्तुगीज तिकीट. शेजारी नया पैशातलं, भारताचा नकाशा असलेलं आपलं नेहमीचं तिकीट. दोन्हींवर एकच पोर्तुगीज शिक्का.

पण सावध राहायला हवं. अशी बरीच पाकिटं हौशी लोकांनी त्याच आठवड्यात मुद्दाम करवून घेतली. सगळी तिकिटं नीट ओळीत, शिक्का सुबक, आत पत्र नाही, पत्ता टंकलेला. ती खोटी नाहीत, पण निकडीची नाहीत. माझं मत विचाराल तर गोव्यातल्या घरून मुंबईत धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या गाववार वसतिगृहात, राहणाऱ्या, बोटीवर जाणाऱ्या मुलाला वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं, कडा फाटलेलं एक पाकीट अशा दहा देखण्या पाकिटांना भारी पडेल.

दादरा आणि नगर हवेलीचं प्रकरण याआधीचं. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ते भाग मुक्त झाले. सिल्वासाच्या लढ्यात सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मात्र भारतात रीतसर सामील व्हायला ११ ऑगस्ट १९६१ उजाडला. मधली सात वर्षं तो मुलूख ना पोर्तुगालचा, ना कागदोपत्री भारताचा. सुरुवातीला हाताशी असलेल्या पोर्तुगीज तिकिटांवरच ‘लिबरेटेड एरियाज’ अशी इंग्रजी अक्षरं छापून काम भागवलं गेलं.

नवं राज्य उभं राहतं तेव्हा नवी तिकिटं तयार नसतात. मग जुन्या तिकिटावर नवं नाव छापणं हाच उपाय उरतो. १९४७ ला पाकिस्ताननेही तेच केलं, आणि त्याची छपाई झाली आपल्या नाशिकला. सिक्युरिटी प्रेसमध्ये सहाव्या जॉर्जच्या तिकिटांवर ‘पाकिस्तान’ हा शब्द छापून ती १ ऑक्टोबर १९४७ ला तिकडे विक्रीला आली, ३ पैपासून २५ रुपयांपर्यंत. राजा इंग्लंडचा, सोबत ‘इंडिया पोस्टेज’, आणि त्यावर काळ्या अक्षरांत पाकिस्तान! ऑगस्ट-सप्टेंबरचे सहा-सात आठवडे तर तिथे साधी हिंदुस्थानची तिकिटंच चालू होती. नाशिकचा माल पुरेना तेव्हा गावोगावच्या पोस्टमास्तरांनी रबरी शिक्के बनवून घेतले. या शिक्क्यांचे प्रकार मोजता मोजता लोकांची आयुष्यं गेली, आणि रबरी शिक्का कोणीही कोरू शकतो म्हणून बनावट मालही तितकाच. कराचीत तेव्हा मराठी वस्ती होती, नारायण जगन्नाथ वैद्यांच्या नावाची शाळा आजही तिथे आहे. फाळणीनंतरच्या त्या आठवड्यांत कराचीहून पुण्या-मुंबईला आलेलं, देवनागरीत पत्ता असलेलं पाकीट कोणाच्या ट्रंकेत असेल तर ते रद्दीत घालू नये.

१९७१ चं पाकीट मात्र अजूनही घराघरांत सापडतं. पूर्व बंगालमधून जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात आले आणि त्यांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर ५ पैशांचा जादा कर बसला. घाईत कुटुंबनियोजनाच्या ५ पैशांच्या तिकिटावरच ‘रेफ्युजी रिलीफ’ असं छापून ते चालवलं, आणि पुरवठा कमी पडला तिथे स्थानिक पातळीवर शिक्के मारले. १ डिसेंबरला निर्वासितांचं चित्र असलेलं स्वतंत्र तिकीट निघालं. मार्च १९७३ अखेरपर्यंत हा कर चालू होता. साताऱ्याहून सांगलीला पाठवलेल्या लग्नपत्रिकेवरही ते छोटं तिकीट असायचं. लढाई ३ डिसेंबरला सुरू झाली, पण टपाल खात्याने तिचा हिशेब पंधरा दिवस आधीच मांडायला घेतला होता.

बांगलादेशची तिकिटं तर देश हाती येण्याआधीच छापून तयार होती. बिमान मल्लिक यांनी काढलेल्या आठ तिकिटांचा संच लंडनमध्ये छापला गेला आणि २९ जुलै १९७१ ला प्रसिद्ध झाला. डिसेंबरात ढाका मुक्त झाल्यावर तिथल्या टपाल कचेऱ्यांत शिल्लक होती ती पाकिस्तानी तिकिटं. मग पुन्हा रबरी शिक्के, या वेळी ‘बांगला देश’ असे. चोवीस वर्षांपूर्वी त्याच कचेऱ्यांनी जे केलं होतं तेच.

भारत-पाकिस्तान टपाल त्या युद्धात तुटलं. जुलै १९७२ च्या सिमला करारात ते सुरू करण्याचं कलम होतं, पण प्रत्यक्ष समझोता सप्टेंबर १९७४ मध्ये इस्लामाबादला झाला. जवळजवळ तीन वर्षं लखनौची बहीण कराचीच्या भावाला सरळ पत्र टाकू शकत नव्हती. लंडनला किंवा आखातात कोणी नातेवाईक असेल तर पत्र त्याच्याकडे जायचं आणि तो नव्या पाकिटात घालून पुढे पाठवायचा. ही पाकिटं ओळखणं अवघड, कारण वरून ती साधी ब्रिटिश पत्रं दिसतात. आतला मजकूर शाबूत असेल तरच कळतं. याच काळात भारतातल्या छावण्यांत असलेल्या ९० हजारांहून अधिक पाकिस्तानी युद्धकैद्यांची पत्रं मात्र घरी जात होती, तीही बिनतिकिटाची, कारण जिनिव्हा करारात तशी तरतूद आहे. मोकळ्या माणसाची वाट बंद आणि कैद्याची चालू.

ही गोष्ट तिथे संपलेली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने भारताशी टपाल थांबवलं आणि नोव्हेंबरमध्ये पत्रांपुरतं पुन्हा सुरू केलं. ३ मे २०२५ ला भारताने पाकिस्तानातून येणारं सगळं टपाल आणि पार्सलं, हवाई आणि जमिनीवरची, बंद केली.