जुलाब, लहान आतडं आणि ओआरएस: एका उपचाराची पार्श्वभूमी

नागपुरात दोन-चार दमदार सरी झाल्या, कुठे नळाला गढूळ पाणी आलं, की मेयो-मेडिकलसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयांपासून गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढतात. सोबतच्या नातेवाइकांचं एकच म्हणणं असतं: सलाईन लावा. घरी मात्र अनेकदा पेशंटला तासन् तास पाणीही दिलेलं नसतं, कारण जे आत जाईल ते बाहेरच पडणार असं घरच्यांना वाटतं. त्यांना त्याबद्दल रागावणं बरोबर नाही. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत कित्येक डॉक्टरही आतड्याला आराम द्या, असंच सांगत होते. हा समज कसा मोडला आणि ओआरएस, म्हणजे जुलाबात तोंडावाटे द्यायचं मीठ-ग्लुकोजचं पाणी, कसं आलं, त्याची ही गोष्ट.

निरोगी माणसाच्या आतड्यातल्या पाण्याचा हिशेब आधी पाहू. खाण्यापिण्यातून दिवसाला साधारण २ लिटर द्रव पोटात जातो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव मिळून त्यात आणखी ७ लिटरची भर पडते. एवढ्या ९ लिटरपैकी शौचावाटे बाहेर पडतं ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. बाकी सगळं शरीर परत शोषून घेतं, आणि त्यातला मोठा वाटा लहान आतड्याचा. म्हणून हा व्यवहार बिघडला की धडधाकट माणूस काही तासांत कोरडा पडतो.

कॉलऱ्यात नेमकं हेच होतं. विदर्भातल्या गावोगावी मरीमायची ठाणी आहेत, त्यांच्यामागे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, हीच दहशत आहे. १८३१ मध्ये विल्यम ओशॉनेसी यांनी इंग्लंडमध्ये कॉलऱ्याच्या रोग्यांचं रक्त तपासलं. त्यातलं पाणी आणि क्षार घटले होते. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या लीथ गावात थॉमस लॅटा यांनी मिठाचं पाणी थेट शिरेतून दिलं आणि मरणपंथाला लागलेले काही रोगी उठून बसले. तरीही ही पद्धत मागे पडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी सलाईनला पुन्हा मान मिळवून दिला.

सलाईन जिंकलं, पण त्याबरोबर एक चुकीचा समजही पक्का झाला. कॉलऱ्यात आतड्याचं अस्तरच सोलून निघतं, त्यामुळे तोंडावाटे काही देण्यात अर्थ नाही, असं मानलं जाई. १९५३ मध्ये कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी १८६ रोग्यांना तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन बरं केल्याचं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. ते का लागू पडलं याचा शास्त्रीय उलगडा तेव्हा कुणाकडे नव्हता, आणि त्यांच्या कामाकडे जवळजवळ दुर्लक्षच झालं. मला या इतिहासातली ही सर्वांत दुखरी जागा वाटते.

उलगडा पुढच्या काही वर्षांत झाला. १९५९ मध्ये शंभूनाथ डे यांनी, तेही कलकत्त्यातच, दाखवून दिलं की कॉलऱ्याचा जंतू विष सोडतो आणि ते विष आतड्याला पाणी ओतायला लावतं. अस्तर शाबूत असतं, हे बायोप्सीतूनही, म्हणजे अस्तराचा तुकडा काढून केलेल्या तपासणीतूनही, दिसलं. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी दुसरा धागा पुरवला: लहान आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेताना त्याच्या जोडीने सोडियमही घेतात. सोडियम गेलं की पाणी मागोमाग जातंच. कॉलऱ्याचं विष हे दार बंद करत नाही. म्हणजे जुलाब सुरू असतानाही आतडं शोषून घेतच असतं, फक्त मीठ आणि साखर एकत्र, योग्य प्रमाणात हवी.

१९६८ मध्ये ढाक्यातल्या संशोधकांनी हे रुग्णांवर सिद्ध केलं. खरी कसोटी लागली १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव छावणीत. सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजची पाकिटं बनवून घेतली आणि पाणी पाजण्याचं काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवलं. जिथे सुमारे ३० टक्के रोगी दगावत होते, तिथे हे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. मरणोत्तर पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये मिळालं.

आजच्या ओआरएसचं सूत्र जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये बदललेलं आहे, लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. प्रमाणाला इतकं महत्त्व असल्यामुळेच कोल्ड्रिंक किंवा गोड संत्र्याचा रस ही ओआरएसची जागा घेऊ शकत नाहीत. साखर जास्त झाली की ती उलट आतड्यात पाणी ओढते. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लहान मुलांना डॉक्टर सोबत झिंकही देतात. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण बंद करायचं नाही.

पेशंटला गुंगी येत असेल, लघवी थांबली असेल, काहीच गिळता येत नसेल, तर सलाईन लागतंच. तिथे क्षणभरही थांबू नये. बाकीच्यांना चमच्या-चमच्याने पाजत राहावं, आणि उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करावं.